उमेदवार नेमका कुठे अडकला? भरतीच्या अहवालाबद्दल वाचकांचे प्रश्न

भरतीचे आकडे कसे मांडावेत याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. त्यांतली सहा या अंकात घेतली आहेत. पाच पत्रं अहवाल तयार करणाऱ्यांची आहेत, तर एक अशा तरुणीचं, जी स्वतःच कुणाच्या तरी अहवालातला एक आकडा होऊन बसली आहे. उत्तरं भरती आणि डेटा या दोन्ही कामांतल्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : ऐरोलीतल्या एका आयटी सेवा कंपनीत मी एचआरमध्ये आहे. दर सोमवारी एमआयएस, म्हणजे व्यवस्थापनासाठीचा आकड्यांचा अहवाल, पाठवते. गेल्या सोमवारी स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे पहिल्या चाळणीत, ४०, मुलाखतीच्या टप्प्यात १२ आणि ऑफर दिलेले ३ होते. या सोमवारी हेच आकडे ३८, १३ आणि २ आहेत. साहेब विचारतात, "मग आठवडाभरात झालं काय?" मला सांगता येत नाही. काय चुकतंय?

तुमची मोजणी बरोबर आहे, पण ती एका क्षणाची आहे. ठाणे स्टेशनच्या फलाटावर सकाळी नऊला पाचशे माणसं दिसली आणि दहालाही पाचशेच दिसली, म्हणून मधल्या तासात कुणी गाडीत चढलंच नाही असं होत नाही. ४० चे ३८ झाले तेव्हा कदाचित दोघंच बाहेर पडले असतील, किंवा २५ नवे आले आणि २७ गेले असतील. साहेबांना हवा आहे तो हा दुसरा हिशेब.

तो देता येत नाही याचं कारण बहुधा तुमच्या एक्सेल शीटमधला "स्टेटस" हा कॉलम. उमेदवार पुढे सरकला की त्यात "स्क्रीनिंग" पुसून "मुलाखत" लिहिलं जातं आणि जुनी माहिती कायमची जाते. तो कॉलम हाताने भरणं बंद करा. "हालचाल" नावाची वेगळी शीट उघडा आणि त्यात सात कॉलम ठेवा : उमेदवार क्रमांक, पद क्रमांक, आधीचा टप्पा, नवा टप्पा, तारीख, नोंद कुणी केली, कारण. उमेदवार हलला की नवी ओळ लिहायची, जुन्या ओळीला हात लावायचा नाही. आजचं स्टेटस म्हणजे त्या उमेदवाराची त्या पदासाठीची शेवटची ओळ. ते सूत्राने काढता येतं.

मग अहवाल पासबुकासारखा लिहिता येतो : आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. समजा स्क्रीनिंगमध्ये ४० होते, २५ आले आणि २७ गेले, उरले ३८. गेलेल्या २७ पैकी ९ मुलाखतीला सरकले, १६ नाकारले गेले, दोघांनी माघार घेतली. मुलाखतीत १२ होते, वरचे ९ आले, ८ गेले, उरले १३. त्या ८ मध्ये एकाला ऑफर मिळाली, ६ नाकारले गेले, एकाने माघार घेतली. ऑफरमध्ये ३ होते, एक आला, दोन गेले, उरले २. त्या दोघांतला एक रुजू झाला, एकाने नकार दिला. एका टप्प्यातून पुढे गेलेले आणि पुढच्या टप्प्यात आलेले जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत तर कुणीतरी जुनी ओळ बदलली आहे किंवा एखाद्याला मधल्या टप्प्यातून उचलून थेट पुढे टाकलं आहे. तेवढीच चूक शोधायची.

एक गोष्ट आधी ठरवून घ्या. "मुलाखतीला आला" म्हणजे मुलाखत ठरली की झाली? दोन रिक्रूटर दोन अर्थ घेत असतील तर वरचा सगळा हिशेब वाया जातो. टप्प्याची सुरुवात नेहमी अशा घटनेने करा जिचा पुरावा दाखवता येईल, म्हणजे फोन झाला, मुलाखत झाली, पत्र ईमेलने गेलं. "विचाराधीन" हा टप्पा होऊ शकत नाही.

टप्पे सहा-सातपेक्षा जास्त नकोत. बारा टप्पे केले की माणसं शुक्रवारी संध्याकाळी बसून आठवड्याच्या सगळ्या नोंदी एकदम करतात आणि सगळ्या हालचालींवर शुक्रवारचीच तारीख पडते. तुमच्या शीटमध्ये तारखांवरून वार काढून पाहा. एकाच वारी निम्म्याहून जास्त नोंदी असतील तर दिवस मोजण्याच्या फंदात पडण्याआधी ही सवय मोडा.

प्रश्न : महापे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या अहवालात पहिल्या राउंडला १८ आणि दुसऱ्या राउंडला २१ माणसं दिसतात. ११७ टक्के कन्व्हर्जन, म्हणजे पुढच्या टप्प्यात जाण्याचं प्रमाण, कसं असेल?

ओळखीने आलेले काही जण थेट प्लांट मॅनेजरकडे, म्हणजे दुसऱ्या राउंडला गेले असणार. त्यांच्या पहिल्या राउंडच्या तारखेचा रकाना रिकामा आहे आणि तुम्ही रकान्यातल्या तारखा मोजताय. खोटी तारीख भरून हे निस्तरू नका. टप्प्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या आणि प्रत्येक उमेदवारासमोर तो पोहोचलेला सर्वांत वरचा क्रमांक लिहा. नाकारला गेला तरी तो क्रमांक तसाच राहतो. मग "किमान तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचले" हे एक्सेलच्या काउंटइफ या सूत्रात "३ किंवा जास्त" अशी अट घालून मोजा. हा आकडा पुढच्या टप्प्यात कधीच वाढत नाही. ओळखीने आलेल्यांची ओळ मात्र वेगळी दाखवा, कारण त्यांची गाळणी वेगळी होती.

त्याच शीटमध्ये एकच माणूस दोनदा आहे का, हेही बघा. दोन कन्सल्टन्सींनी एकच उमेदवार पाठवणं आपल्याकडे रोजचं आहे. नावावरून तो सापडत नाही, कारण एकीने "देशपांडे एस." लिहिलेलं असतं आणि दुसरीने पूर्ण नाव. मोबाईल नंबरच्या मधल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढा, उजवीकडचे दहा अंक घ्या आणि ते जुळवा. पुढचं +९१ किंवा शून्य त्यात आपोआप गळतं. ज्या कन्सल्टन्सीचा ईमेल आधी आला तिच्या नावावर उमेदवार, आणि ईमेलची वेळ नोंदवून ठेवा. बिलाच्या वेळचा वाद तिथेच मिटतो. एकाच माणसाने दोन पदांसाठी अर्ज केला असेल तर मात्र ते दोन अर्ज आहेत, ते एकत्र करू नका.

प्रश्न : तुर्भ्यातल्या आमच्या लॉजिस्टिक्स कंपनीत एप्रिलमध्ये ४० मुलाखती आणि ४ ऑफर झाल्या, मेमध्ये २० मुलाखती आणि १० ऑफर. म्हणजे १० टक्क्यांवरून ५० टक्के. व्यवस्थापन खूश आहे, पण मेमध्ये आम्ही वेगळं काहीच केलेलं नाही.

तुमची शंका योग्य आहे, आणि व्यवस्थापन खूश असताना ती विचारलीत हे त्याहून चांगलं. मेमध्ये ज्यांना ऑफर मिळाली त्यांतल्या अनेकांची मुलाखत एप्रिलमध्ये झाली होती. वरचा आकडा एका महिन्याचा आणि खालचा दुसऱ्या महिन्याचा, असा हा भागाकार आहे.

मुलाखतीच्या महिन्यानुसार तुकड्या पाडा आणि प्रत्येक तुकडीचं पुढे काय झालं ते बघा. समजा मेमधल्या १० ऑफरपैकी ८ एप्रिलच्या तुकडीच्या होत्या आणि एप्रिलमधल्या चारही त्याच तुकडीच्या. मग एप्रिलची तुकडी ४० पैकी १२, म्हणजे ३० टक्के. मेच्या तुकडीत २० पैकी दोघांना ऑफर, ७ नाकारले, ११ जणांचा निर्णय बाकी. मेचा टक्का किती लिहाल? वीसपैकी दोन म्हणजे १० टक्के म्हटलं तर बाकी असलेले अकराही नापास धरले. निर्णय झालेल्या नवांपैकी दोन म्हणजे २२ टक्के म्हटलं तर ते जास्त प्रामाणिक वाटतं, पण तेही खरं नाही, आणि इथे अनुभवी लोकही फसतात. नकार लवकर येतो. ऑफरला मंजुरी, पगाराची बोलणी, कागदपत्रांची तपासणी असे दिवस लागतात. त्यामुळे ताज्या तुकडीत आधी निकाल लागलेल्यांमध्ये नाकारलेलेच जास्त भरतात आणि प्रत्येक नवा महिना जुन्यापेक्षा वाईट दिसतो.

उपाय असा की सगळ्या तुकड्या एकाच वयाच्या असताना तोला. मुलाखतीनंतर ३० दिवसांनी एप्रिलच्या तुकडीत किती ऑफर होत्या आणि मेच्या तुकडीत किती, हे दोन आकडे शेजारी ठेवा. हालचालींच्या तारखा नोंदवलेल्या असतील तर मागच्या तुकडीचं तिसाव्या दिवसाचं चित्र आजही काढता येतं. ज्या तुकडीचे ३० दिवस भरलेले नाहीत तिच्यासमोर टक्के लिहू नका, फक्त "११ बाकी" लिहा.

महिन्याचा साधा हिशेब, म्हणजे मेमध्ये किती मुलाखती घेतल्या आणि किती पत्रं काढली, तोही ठेवा. कामाचा भार त्यातून कळतो. गाळणी कशी चालली आहे, ते त्यातून कळत नाही. आणि पाठीमागे वीसपेक्षा कमी माणसं असतील तिथे टक्क्यांऐवजी "४ पैकी ३" असंच लिहावं, असं आमचं मत आहे. एका माणसाने निर्णय बदलला की ७५ टक्क्यांचे ५० होतात आणि त्यावर बैठका भरतात.

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीच्या अहवालात मुलाखतीनंतर निर्णय द्यायला सरासरी ९ दिवस लागतात असं येतं. विभागप्रमुख चिडून म्हणतात, "मी चार-पाच दिवसांत कळवतो." कुणाचं खरं?

दोघांचंही खरं असू शकतं. नऊ उमेदवारांचे दिवस २, ३, ३, ४, ४, ५, ६, ६ आणि ४८ असे असतील तर बेरीज ८१ आणि सरासरी ९. पण नवांपैकी आठ जणांना सहा दिवसांच्या आतच उत्तर मिळालं. चढत्या क्रमातला मधला आकडा, म्हणजे मध्यक, ४ आहे. अहवालात मध्यक लिहा आणि शेजारी सर्वांत जास्त दिवस लिहा : "मध्यक ४, कमाल ४८". विभागप्रमुखांना न्याय मिळतो आणि ४८ दिवस ताटकळलेला माणूसही झाकला जात नाही.

तरीही ज्यांना अजून उत्तरच मिळालेलं नाही ते या हिशेबात कुठेच नाहीत, कारण त्यांच्या निर्णयाच्या तारखेचा रकाना रिकामा आहे. सहा जण वीस दिवसांपासून थांबलेले असतील तरी मध्यक ४ च राहतो. म्हणून थांबलेल्यांची वेगळी यादी द्या : आजची तारीख वजा मुलाखतीची तारीख, आणि ० ते ३, ४ ते ७, ८ ते १४, १५ किंवा जास्त दिवस असे गट. शेवटच्या गटातल्या प्रत्येकासमोर निर्णय कुणाकडे अडला आहे ते लिहा. आमच्या मते अख्ख्या अहवालात सर्वांत उपयोगी भाग हाच, आणि बहुतेक अहवालांत तो नसतो.

आता तारखांकडे वळू, कारण नऊ दिवसांतले काही दिवस एक्सेलनेच घातलेले असू शकतात. संगणकाची मांडणी महिना-आधी अशी असेल आणि तुम्ही ३/४ म्हणजे तीन एप्रिल टाकलंत, तर एक्सेल ते मुकाट्याने चार मार्च समजतं. पण १३/४ टाकलंत तर तेरावा महिना नसल्याने ते नुसता मजकूर म्हणून ठेवतं. म्हणजे बारा तारखेपर्यंतच्या तारखा उलटतात आणि तेरापासूनच्या गणितातूनच गळतात. ओळखायची खूण अशी की मजकूर झालेली तारीख रकान्यात डावीकडे चिकटते आणि खरी तारीख उजवीकडे. उणे दिवस येणं ही दुसरी खूण. रकान्याला डेटा व्हॅलिडेशन लावून फक्त तारीखच घेईल असं करा आणि दाखवताना महिना अक्षरांत दाखवा, ०३-एप्रिल-२०२५ असा. चुकलेली तारीख मग डोळ्यांनाच दिसते.

कामाचे दिवस मोजायला एक्सेलचं नेटवर्कडेज (NETWORKDAYS) वापरत असाल तर ते सूत्र पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरतं. सोमवारी मुलाखत आणि मंगळवारी उत्तर म्हणजे ते २ सांगतं, म्हणून एक वजा करा. रविवारच्या वॉक-इनला मात्र वजा करू नका, कारण तो रविवार मोजलेलाच नसतो. साधं नेटवर्कडेज शनिवार-रविवार सुट्टी धरतं. सहा दिवसांचा आठवडा असेल तर त्याचा इंटल (NETWORKDAYS.INTL) हा प्रकार घ्या. त्यात सुट्टीचा वार क्रमांकाने सांगायचा असतो : ११ म्हणजे फक्त रविवार सुट्टी, १६ म्हणजे फक्त शुक्रवार. एक मे, गणेश चतुर्थी आणि कंपनीच्या बाकी सुट्ट्यांची यादी वेगळ्या शीटवर ठेवून सूत्राला जोडा.

शेवटी, मुलाखत ते निर्णय हा एकच पट्टा तोडून दोन करा : मुलाखत झाली ते विभागप्रमुखांचं मत आलं, आणि मत आलं ते एचआरने उमेदवाराला कळवलं. मत चौथ्या दिवशी ईमेलवर येऊन पडलेलं असतं आणि उमेदवाराला फोन नवव्या दिवशी जातो, असं फार ठिकाणी घडतं. तसं असेल तर विभागप्रमुखांचा राग रास्त आहे.

प्रश्न : आमचा प्लांट रबाळ्याला आहे. ऑफर स्वीकारलेल्या दहांपैकी चार जण रुजूच होत नाहीत. अहवालात फक्त "बॅकआउट" असं येतं. त्यातून काय शिकायचं?

त्या एका शब्दातून काहीच शिकता येत नाही. आधी तो फोडा. प्रक्रिया कुणी संपवली, याची तीनच उत्तरं ठेवा : कंपनीने नाकारलं, उमेदवाराने माघार घेतली, पदच रद्द झालं किंवा थांबलं. मग माघारीची कारणं सात-आठ ठेवा : पगार, दुसरीकडची ऑफर, सध्याच्या कंपनीने पगार वाढवून थांबवलं, प्रवास, शिफ्ट, घरची अडचण, संपर्कच तुटला. मुख्य कारण एकच निवडायचं आणि शेजारी उमेदवाराचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. "इतर" हा पर्याय वारंवार निवडला जातोय असं दिसलं तर तुमची यादी वास्तवाशी जुळत नाही, ते शब्द वाचून ती बदला.

दुसरं म्हणजे ऑफर आणि रुजू होणं यांच्यात मोठी पोकळी आहे. नोटीस पिरियड ३०, ६० किंवा ९० दिवसांचा असतो आणि तेवढे दिवस शीटमध्ये एकच शब्द असतो : "स्वीकारली". या काळाचे तुकडे करा : तोंडी होकार, सही करून आलेलं पत्र, राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल, रुजू. तिसऱ्यावर सर्वांत जास्त लक्ष ठेवा. पत्रावर सही होऊन सात दिवस झाले आणि राजीनाम्याचा पुरावा आला नाही, तर त्या उमेदवाराला अहवालात लाल करा आणि त्याच दिवशी फोन करा. त्यानंतर दर पंधरवड्याला एक फोन, आणि त्याची तारीख हालचालीच्या शीटमध्ये.

प्रवासाचं कारण आपल्या भागात आधीच कळू शकतं. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर मार्गावर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही स्थानकं ओळीने आहेत, त्यामुळे नकाशावर सगळं जवळ वाटतं. पण बदलापूरहून येणाऱ्याला ठाण्याला गाडी बदलावी लागते, आणि कासारवडवलीहून येणाऱ्याला घोडबंदर रोड पार करून आधी ठाणे स्टेशन गाठावं लागतं. त्यानंतर स्टेशन ते कारखान्याचं गेट हा टप्पा, जो रात्री अकराला शिफ्ट सुटल्यावर सर्वांत अवघड. पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारून नोंदवा : जवळचं स्टेशन, कोणत्या शिफ्टला चालेल, कंपनीची बस नसेल तर कसं येणार. सहा महिन्यांची माणसं जमली की स्टेशननुसार किती जण रुजू झाले ते काढा. ही माहिती कुणाला स्टेशन पाहून नाकारण्यासाठी वापरू नका. बसचा थांबा कुठे हवा आणि शिफ्टबद्दल उमेदवाराला आधी काय सांगायला हवं, ते त्यातून ठरवा.

सुधारणा होईपर्यंत हिशेब आहे त्या गळतीवर करा. सहा माणसं हवी असतील तर दहा स्वीकृती लागतील. १ जुलैला माणूस हवा आणि नोटीस ६० दिवसांची असेल तर राजीनामा मेच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला पडायला हवा, म्हणजे ऑफर त्याच्या निदान आठवडाभर आधी.

प्रश्न : मी नेरूळला राहते. एका कंपनीत दोन राउंड झाले, त्याला दोन महिने झाले. पोर्टलवर अजून "अंडर प्रोसेस" दिसतं. वाट पाहू का?

दुसऱ्या नोकऱ्यांचे अर्ज आजच सुरू करा. पोर्टलवरचे शब्द कंपनीतल्या माणसाने तुमची नोंद हलवली तरच बदलतात. दोन महिने शब्द तोच आहे म्हणजे बहुधा दोनपैकी एक : पद थांबलं आहे, किंवा दुसऱ्याची निवड झाली आणि तुमची नोंद कुणी बंद केली नाही. तुमच्या कामात खोट होती, असा अर्थ त्यातून निघत नाही.

"काही अपडेट आहे का?" असं विचारलं की "कळवतो" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी ईमेलमध्ये पदाचं नाव व क्रमांक आणि दोन्ही मुलाखतींच्या तारखा लिहून दोन थेट प्रश्न विचारा : हे पद अजून खुलं आहे का, आणि माझ्या अर्जाचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल? कामाच्या पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा. त्यानंतर तुमच्या बाजूने तो विषय बंद.

याच पत्राच्या निमित्ताने अहवाल करणाऱ्यांना एक विनंती. १४ दिवस न हललेली प्रत्येक नोंद यादीत वर आणा आणि ३० दिवसांनी ती उमेदवाराला कळवूनच बंद करा. पद थांबलं असेल तर "होल्ड" असा वेगळा टप्पा ठेवा, त्याला तारीख द्या आणि तेही कळवा. उघड्या राहिलेल्या नोंदींमुळे तुमचेही आकडे फुगतात : व्यवस्थापनाला ६० उमेदवार हाताशी आहेत असं वाटतं आणि प्रत्यक्षात फोन केला तर निम्मे दुसरीकडे रुजू झालेले असतात.

आणि बंद केलेल्या नोंदींमधली नावं, नंबर, बायोडेटा वर्षानुवर्षं शीटमध्ये ठेवू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये ज्या कारणासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसण्याची अट आहे. हालचालीची शीट फक्त उमेदवार क्रमांकावर चालते, त्यामुळे नाव आणि नंबर असलेली दुसरी शीट पुसली तरी तुमचे मागचे सगळे हिशेब जसेच्या तसे राहतात. साहेबांना जाणाऱ्या अहवालातही क्रमांकच पुरतो.